झेब्रा प्लांट: पिवळा तुरा गेला, आता पानंही निघाली

बाल्कनीतली_रेवती (१४ जानेवारी)
तिळगूळ घ्या, गोड बोला. पण या धाग्यावर गोड नको, खरं बोला, कारण झाड शेवटच्या घटका मोजतंय.

पाडव्याला नवऱ्याने ओवाळणीत साडीऐवजी कुंडी दिली. (साडीचा विषय दुसऱ्या धाग्यात.) गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून आणली, ३५० रुपये. पाटीवर नुसतं 'झेब्रा'. गडद हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत, वीतभर लांब पानं. प्रत्येक शिरेवर खडूने ओढावा तसा पांढरा पट्टा. आणि मधोमध पिवळाधमक तुरा, कणसासारखा चौकोनी, एकावर एक खवले रचलेला. दिवाळीत येणारा पाहुणा आधी त्याच्याकडे बघायचा, मग फराळाकडे.

डिसेंबरात तुरा तपकिरी पडला. नवीन वर्ष उजाडलं तशी खालून पानं गळायला लागली. आधी कडा कुरकुरीत होतात, मग पान लोंबतं, मग नुसतं बोट लावलं की देठासकट हातात. सोळा पानं होती, आज सात. नाशिक, इंदिरानगर, तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. पाणी रोज सकाळी एक तांब्या.

काय चुकतंय? आणि तो तुरा परत येईल का?

गोदाकाठचा_गोट्या
साडी घेतली असती तर पानं गळली नसती. नवऱ्याला हा धागा दाखवू नका.

सिडकोचा_सुन्या
रोज पाणी?? ताई, तिथेच माशी शिंकली. झेब्राला पंधरा दिवसांनी पाणी. माझा तीन वर्षं खिडकीत कडक उन्हात आहे. महिनाभर गावाला गेलो तरी ढिम्म. मातीत अर्धी वाळू, थोडा विटांचा चुरा, विषय संपला.

बाल्कनीतली_रेवती
@सुन्या, पंधरा दिवस? परवा सकाळी पाणी घालायचं राहिलं तर संध्याकाळी सगळ्या पानांनी माना टाकल्या होत्या. पाणी घातल्यावर तासाभरात परत ताठ. तुमचा झेब्रा कुठल्या जंगलातला आहे? फोटो टाकलाय, बघा.

सिडकोचा_सुन्या
अरेच्चा. हा माझा नव्हेच! माझा बोटाएवढा आहे, कोरफडीच्या पिल्लासारखा, टोकदार पानांवर पांढऱ्या आडव्या रेघा. सल्ला मागे घेतो. विटांचा चुरा घातला नसेल तर घालू नका.

गोदाकाठचा_गोट्या
एक झेब्रा वाळवंटातला, एक पावसातला. उद्या कुणीतरी रस्त्यावरचं झेब्रा क्रॉसिंग घेऊन येईल आणि म्हणेल, आमच्या मायको सर्कलला तर पाणी न घालता पट्टे गेले.

पेन्सिलवाले_सर
नावाचा घोळ आधी निस्तरू. 'झेब्रा' नावाखाली निदान चार वेगळी झाडं विकली जातात. सुन्या यांचं हॉवर्थिया, दक्षिण आफ्रिकेतलं, पानात पाणी साठवणारं. दुसरं कॅलेथिया झेब्रिना, हळद-आल्याच्या दूरच्या नात्यातलं. तिसरं ट्रॅडेस्कँशिया झेब्रिना, लोंबत्या टोपल्यांतली ती जांभळ्या पोटाची वेल. फोटोतलं आहे ते अफेलँड्रा स्क्वॅरोसा. मूळ ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातलं. तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत, दमट हवेत वाढतं. म्हणून एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला की झाड दगावतं.

आता गंमत. कूळ विचाराल तर हे आपल्या अडुळशाचं, अबोलीचं, कोरांटीचं आणि कारवीचं. ब्राझीलचं असलं तरी भाऊबंदकीतलंच. अबोलीची दांडी आठवा. हिरव्या खवल्यांचं चौकोनी कणीस आणि त्यातून बाहेर डोकावणारी फुलं. इथे ते खवलेच पिवळे आहेत, एवढाच फरक. त्यांना छदे म्हणतात. बोगनवेलीत आपण ज्याला फूल समजतो तीही छदेच. तुमच्या झाडाची खरी फुलं त्या खवल्यांच्या फटींतून आलेली पिवळी, दोन ओठांची नळी. ती दोन-चार दिवसांत गळतात, छदे मात्र महिना-दीड महिना टिकतात. तेव्हा तुरा तपकिरी पडला हा रोग नव्हे. त्याचं काम संपलं, तो गेला. पानांचं कारण वेगळं.

बाल्कनीतली_रेवती
सर, म्हणजे त्या पिवळ्यातून दोन दिवस अजून पिवळं काहीतरी आलं होतं ती फुलं होती? मी कचरा समजून काढून टाकली.

पेन्सिलवाले_सर
वर्गात निम्मी मुलं तेच करायची.

कादवाकाठ
निफाडातून बोलतोय. आज पहाटे आमच्याकडं पारा सहावर. बागेत शेकोट्या पेटवल्या, ठिबक चालू ठेवलं, तरी मण्यांना तडे जायची भीती. द्राक्षाची ही गत, तर ते ब्राझीलचं लेकरू तिसऱ्या मजल्यावर वाऱ्यात काय करील? ताई, आधी त्याला घरात घ्या. बाकी नंतर बोलू.

पेन्सिलवाले_सर
कादवाकाठ यांनी दुखण्यावर बोट ठेवलं. अफेलँड्राला साधारण १८ ते २५ अंश मानवतं. रात्री १३-१४ च्या खाली गेलं की पानं सोडायला लागतं. आता तुमच्या माहितीतला मुख्य धागा पकडतो: मान टाकली आणि पाणी घातल्यावर तासाभरात ताठ झाली. मुळं कुजलेली असती तर पाणी घालूनही माना खालीच राहिल्या असत्या. म्हणजे मुळं अजून शाबूत आहेत. थंडी, वारा आणि मधूनच एकदा माती पूर्ण सुकणं, या तिघांनी मिळून पानं पाडली.

रोजचा तांब्या बंद करा. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. टाकीचं पहाटेचं गारढोण पाणी नको. रात्री बादलीत भरून घरात ठेवलेलं घाला.

देशीच_बरं
कुणीतरी कटू बोलायला हवं. अडुळसा, अबोली, कोरांटी, ही सगळी सख्खी भावंडं आपल्या मातीत फुकट येतात. अबोली गजऱ्यात जाते, अडुळसा खोकल्याला चालतो, कोरांटी देवाला. आणि आपण ३५० रुपये मोजून ब्राझीलचं झाड आणतो, मग त्याला कोमट पाणी, हीटर, कौतुक. घरच्या म्हाताऱ्यांना एवढं विचारतो का कुणी?

चिवडा_मकाजी
@देशीच_बरं, सकाळी मिसळ खाल्ली असेलच. त्यातली मिरची, बटाटा आणि टोमॅटो कुठल्या गावचे? तिघेही अमेरिका खंडातून बोटीने आले. पेरू आणि पपईही. चारशे-पाचशे वर्षं राहिले की देशी होतात बहुतेक. या बिचाऱ्याला निदान चार महिने तरी द्या.

देशीच_बरं
मिरची पोटात जाते. हे नुसतं बघायचं.

गोदाकाठचा_गोट्या
आमच्या ऑफिसात एक साहेब आहेत, तेही नुसते बघायचेच.

मांजरवाली_माऊ
माझ्याकडे तीन बोके आहेत आणि मला हे झाड हवंय. विषारी आहे का? पीस लिली खाऊन एकाच्या तोंडाला फेस आला होता, तेव्हापासून धसका घेतलाय.

पेन्सिलवाले_सर
अफेलँड्रा बिनविषारी आहे. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीतही ते तसंच नोंदलंय. पीस लिली, अँथुरियम, डिफनबाखिया ही अळूच्या कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. खाजरा अळू नीट न शिजवता खाल्ला की घसा खवखवतो, त्याचं कारणही हेच. तुमच्या बोक्याने कच्चं फदफदं खाल्लं म्हणा ना. मात्र बिनविषारी म्हणजे खाद्य नव्हे. पोटभर चावलं तर ओकेल.

मांजरवाली_माऊ
ओकणं चालेल. ते रोजचंच आहे.

चिपळूणची_सून (१७ जानेवारी)
वाचून हसू आलं. माहेर नाशिकरोड, सासर चिपळूण. आमच्या पडवीच्या कडेला हेच झाड आहे, सासूबाईंनी कुठूनसं आणून खोचलेलं. त्याला कुणी विचारत नाही. न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला आहे, वर फणसाची सावली. पावसाळ्यात पानं एवढी होतात की कोंबडीची पिल्लं खाली बसतात. तुरे दोन-तीन तरी असतातच.

आईकडे तेच झाड नेलं होतं. मार्चमध्ये नेलं, एप्रिलमध्ये काडी. तेव्हा कळलं, माती नाही, हवा लागते. नाशिकची हवा माणसांना चांगली. पापड वाळतात, कुरडया वाळतात. झाडही वाळतं.

हिरव्या_जाळीखाली
नर्सरीच्या धंद्यात पंधरा वर्षं काढलीत म्हणून आतली गोष्ट सांगतो. नाशिकच्या नर्सऱ्यांत जी शोभेची झाडं दिसतात त्यातली बरीच इथे वाढलेली नसतात. काही पुण्याकडून येतात, काही थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकने. कडियम म्हणजे राजमहेंद्रीजवळचं गाव. आख्ख्या पंचक्रोशीत नर्सऱ्याच नर्सऱ्या. आणि आहे कुठे? गोदावरीच्या मुखाकडे! बारा महिने दमट. तिथे जाळीखाली वाढलेलं झाड तीन दिवस ट्रकमध्ये अंधारात घालवतं आणि आपल्या कोरड्या हवेत उतरतं. आमच्याकडेच आठवड्यात दोन-चार पानं टाकतं, आम्ही खालची तोडून, पुसून, पुढे विकतो.

दुसरं. फुलावर आलेलं झाड बुटकं, गच्च दिसतं ते आपोआप नाही. वाढ रोखणारी औषधं देऊन तसं ठेवलेलं असतं. घरी आणल्यावर औषधाचा असर जातो आणि झाड लांबुडकं होतं, पेरांत अंतर पडतं. लोक म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं. फसवलं नाही हो, झाड शुद्धीवर आलं.

चिवडा_मकाजी
म्हणजे रेवतीताईंचं झाड गोदावरीच्या मुखापासून उगमाजवळ चालत आलं! १,४६५ किलोमीटरची नदी, जवळजवळ आख्खी उलटी. लोक नदीची परिक्रमा करतात ती अशी.

कादवाकाठ
वाढ रोखायचं औषध म्हणजे आमचं सीसीसी की काय? आम्ही ते खरड छाटणीनंतर द्राक्षाला मारतो, शेंडा धावू नये, काडीत घड तयार व्हावा म्हणून. २०१० साली त्याचेच अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली. क्लोरमेक्वाट हे नाव तेव्हा नाशिक जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. आमच्या कंटेनरचे किती गेले ते विचारू नका.

हिरव्या_जाळीखाली
तेच, किंवा त्याच जातीचं दुसरं एखादं. कुंडीतल्या झाडाला काही होत नाही, फक्त खायचं नाही. माऊताईंचे बोके सोडून.

सातपूर_मापात
कंपनीत कॅलिब्रेशनचं काम करतो, त्यामुळे अंदाजपंचे बोलणं जमत नाही. हवेतला ओलावा मोजणारं ७०० रुपयांचं यंत्र हॉलमध्ये ठेवलंय. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी त्यावर १८ टक्के दिसलं होतं. या झाडाला ६०च्या पुढे हवा म्हणतात. फरक बघा.

मी केलेले प्रयोग, खास मंडळासाठी. फवारा मारला की आकडा चढतो आणि पंधरा मिनिटांत होता तिथे येतो. खडे आणि पाण्याचा ट्रे कुंडीखाली ठेवला, तर झाडाजवळ दोन-तीन टक्के वाढले. पण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू केला की खोलीत ४५च्या वर जातं, खिडकी थोडी उघडी ठेवून. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याला लागतो तोच उपाय त्याला लागतो. झोत अंगावर मात्र नको. आणि एसी उलट आहे, तो हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो.

मालेगावची_मावशी
फवारा मारून माझी झाडं दहा वर्षं जगली आहेत. यंत्र नव्हतं म्हणून जगली असतील.

सातपूर_मापात
मावशी, तुमच्याकडे वीस कुंड्या एकमेकींना खेटून असतील. तिथे ओलावा कुंड्यांचा असतो, फवाऱ्याचा नाही.

मालेगावची_मावशी
वीस नाही, बावन्न.

सातपूर_मापात
मग बरोबर. केस बंद.

पंचवटीची_पमा
अवांतर होतंय पण अबोलीवरून आठवलं. आजीच्या अंगणात अबोलीची रांग होती. सुकलेल्या दांडीवर पाणी शिंपडलं की बोंडं 'टच्' करून फुटायची आणि बी थेट गालावर. आम्ही पितळी तांब्यातून थेंब टाकत बसायचो, कुणाचं बोंड आधी उडतं त्याच्या पैजा. आजी ओरडायची, रोपं मोरीत उगवायला लागली म्हणून. खरंच उगवायची, मोरीच्या चिरेत.

पेन्सिलवाले_सर
कुळाचा गुण आहे तो. बियांच्या बुडाशी आकड्यासारखा कडक देठ असतो, बोंड उकललं की तोच बी भिरकावतो. कारवीतही तसंच. भंडारदऱ्याकडे सुकलेल्या कारवीतून चालताना ऐकू येतं.

गोदाकाठचा_गोट्या
कारवी सात वर्षांनी एकदा फुलते ना? रेवतीताई, नात्यातलं झाड आहे, सात वर्षं धीर धरा.

पेन्सिलवाले_सर
नाही, तो गुण याच्यात नाही. हे वर्षाआड काय, दरवर्षीही फुलू शकतं. पण फूल धरायला उजेड भरपूर लागतो. दिवस लहान की मोठा यापेक्षा उजेडाचा जोर महत्त्वाचा. आणि थेट ऊन पडलं की पानं चुरगळतात, आत वळतात. घरात ही तारेवरची कसरत आहे.

बाल्कनीतली_रेवती (२ फेब्रुवारी)
अपडेट. पूर्वेच्या खिडकीत आणलं, पडद्यामागे. गळणं थांबलं. पाच पानं शिल्लक, सगळी वरच्या टोकाला, खाली नुसती लाकडी काठी. ताडाचं झाड दिसतंय. शिवाय देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

कादवाकाठ
मिलीबग. पिठ्या ढेकूण. आमचा जुना पाहुणा. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवा आणि एकेक पुसून काढा. निंबोळी तेल आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. मुंग्या दिसल्या तर आधी त्यांचा रस्ता तोडा, त्याच त्याला पाळतात.

आणि काठीचं म्हणाल तर ऊन वाढायला लागलं की खरड छाटणी करा. खालून दोन पेरं, म्हणजे चार डोळे राखायचे, वरचं सगळं उडवायचं. मन घट्ट करा. आम्ही एप्रिलमध्ये आख्खी बाग बोडकी करतो, बघणारे हळहळतात.

बाल्कनीतली_रेवती
आहेत ती पाच पानंही कापू?? दादा, मग राहिलं काय?

हिरव्या_जाळीखाली
कादवाकाठ बरोबर सांगतायत. पानं समोरासमोर जोडीने येतात, तेव्हा प्रत्येक जोडीच्या बगलेत डोळा आहेच. कापल्यावर एका काठीच्या दोन होतात. वरचा कापलेला भाग फेकू नका. चार बोटांची कलमं करा, कोकोपीटमध्ये खोचा, वरून पारदर्शक पिशवीची टोपी. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं. पण थंडीत नाही, मार्चला हात लावा.

कादवाकाठ
आणि एक कलम मला. मावसभावाचं जानोरीला जरबेराचं पॉलिहाऊस आहे, तिथे कोपऱ्यात ठेवून बघतो. धुक्यासारखं पाणी सोडणारे फॉगर आहेत त्याच्याकडं.

देशीच_बरं
धाग्याचा विषय 'झाड कसं वाचवावं' होता, आता झाडाचं डोकं उडवायचं चाललंय. चालू द्या.

गोदाकाठचा_गोट्या
मराठीत नाव तरी ठेवा कुणी. किती वेळ अफेलँड्रा अफेलँड्रा. जीभ अडखळते.

पंचवटीची_पमा
पट्टेरी अबोली.

चिवडा_मकाजी
पट्टेवाला! अंगावर पट्टे, डोक्यावर पिवळा तुरा, दारात उभा. आणि पाणी मागतो, काम काही करत नाही. आमच्या कचेरीतला जुना पट्टेवाला हुबेहूब असाच होता, तुऱ्याचा फेटा तेवढा लाल.

बाल्कनीतली_रेवती (११ मार्च)
पट्टेवाल्याची छाटणी झाली. सासूबाईंनी बघितलं नाही, देवघरात जाऊन बसल्या. चार कलमं झाली. दोन माझ्याकडे, एक माऊताईंना, एक कादवादादांना द्यायचं आहे. दादा, कुठे भेटायचं?

कादवाकाठ
गुरुवारी पंचवटीला मार्केटात माल घेऊन येतो. तिथे.

मांजरवाली_माऊ (१९ मार्च)
माझं कलम पोचलं आणि रात्रीत गेलं. बोका क्रमांक दोन. ओकला. ठणठणीत आहे.

बाल्कनीतली_रेवती (२४ एप्रिल)
काल ४० अंश. बोडक्या काठीला तीन फुटवे आलेत, नखाएवढे, पहिल्या दिवसापासून पट्टे घेऊनच! दुपारभर कूलरच्या खोलीत असतो, पंख्यापासून सहा फुटांवर, आणि मी व सासूबाई त्याच्यामुळे तिथेच. माझ्याकडच्या दोन कलमांपैकी एक काळं पडलं. पिशवीच्या आत पाणी साचलं होतं, माझीच चूक. दुसऱ्याला ओढून बघितलं तर धरून ठेवतंय.

सातपूर_मापात
ओढून बघू नका. मुळं तुटतात.

बाल्कनीतली_रेवती
आता ओढलं हो.

इगतपुरी_लोकल (९ जुलै)
धागा वर काढतोय. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात त्याच्या पावभर. अंतर रेल्वेने तासाभराचं. इथे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, चपलांना बुरशी. हा धागा वाचून मी एक आणलं. महिन्यात दहा पानं. जी हवा आम्हाला नको ती त्याला हवी. ज्यांना हौस आहे त्यांनी चार महिने आमच्याकडे पाठवा, भाडं घेईन.

चिपळूणची_सून
स्वागत आहे क्लबात. हिवाळ्यात इगतपुरीची थंडी सांभाळा मात्र, तिथे आमची चिपळूणची हवा नाही.

बाल्कनीतली_रेवती (३ सप्टेंबर)
बावीस पानं! बुटकं नाही, पण झुडूप म्हणण्यासारखं. पावसाळ्यात बाल्कनीत आडोशाला ठेवला तर कडा कुरकुरीत होणं बंद. शेजारच्या काकू रोज येऊन पानं पुसून जातात. तुरा नाही.

पेन्सिलवाले_सर
उजेड कमी पडतोय. पावसाळी ढग, शिवाय तुमची समोरची इमारत. आता ऑक्टोबरचं सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास मिळू द्या, दहाच्या आत. आला तर आला.

देशीच_बरं
मी धाग्यावर टीका केली होती, तेव्हा प्रामाणिकपणे सांगतो. नर्सरीत कोरांटी आणायला गेलो होतो. मिळाली नाही. चार ठिकाणी फिरलो, एकाने तर विचारलं, "ती कुठली इंपोर्टेड आहे का?" शेवटी पमाताईंनी त्यांच्या शेजारणीकडून फांदी मिळवून दिली. लागली आहे.

पंचवटीची_पमा
निळी आहे ती. पिवळीही मिळवून देते.

कादवाकाठ (२९ ऑक्टोबर)
फोटो बघा. जानोरीचं पॉलिहाऊस, जरबेराच्या वाफ्यामागचा कोपरा. तुमचं कलम, रेवतीताई. तुरा आला! बोटभर लांब, पिवळा रंग डोळ्यांत भरतो. मावसभाऊ म्हणतो, जरबेऱ्याला भाव नाही, हेच लावू का सगळीकडं. खवल्यांतून फुलंही डोकावतायत. त्याच्या बायकोला सांगून ठेवलंय, कचरा समजून काढू नका.

पेन्सिलवाले_सर
फोटोत डावीकडून तिसऱ्या खवल्याशी बघा, नळीचा वरचा ओठ स्पष्ट दिसतोय. सुरेख. वरच्या प्लास्टिकमधून उजेड गाळून पण भरपूर येतो आणि फॉगरमुळे हवा दमट. आणखी काही नको होतं त्याला.

बाल्कनीतली_रेवती
दादा, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडच्या आईला मात्र अजून तुरा नाही. लेक फुलली, आई तशीच.

हिरव्या_जाळीखाली
घरात बहुतेकांकडे तसंच होतं. पानांसाठी ठेवायचं आणि तुरा आला तर पेढे वाटायचे. ज्यांना तुराच हवा ते दरवर्षी नवीन घेतात. आमचा धंदा त्यावरच चालतो.

गोदाकाठचा_गोट्या (११ नोव्हेंबर)
काल पाडवा झाला. मूळ प्रश्न अजून बाकी आहे. या वर्षी ओवाळणीत काय मिळालं?

बाल्कनीतली_रेवती
साडी.

पंचवटीची_पमा
अगं, कुठली? रंग सांग!

बाल्कनीतली_रेवती
गडद हिरवी. अंगभर पांढरे पट्टे. पदर पिवळा. म्हणे, "तुला आवडतं ना हे."

गोदाकाठचा_गोट्या
रोज पाणी घालू नका.